गुत्त्याच्या दारात भात पाखडलं

उचगाव,
मार्गशीर्ष, सन १९३६

तीर्थस्वरूप अण्णांच्या पायी धाकट्या राजाबाईचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला उतरला का? आम्ही सगळी खुशाल, आणि यंदा हे खोटं लिहीत न्हाय.

दसऱ्याला आमच्या बायकांच्या मंडळाला तुम्ही हसलात. (तुमचा राग न्हाय, पण वहिनीही हसल्या ते लागलं.) तर आता ऐका. भरमूच्या दारूच्या गुत्त्यापायी गावात अंगणातला तांब्यासुद्धा टिकत नव्हता, आणि चोर घरातलेच. मंडळातल्या नागुबाईची सून बाळंत झाली, तर तिच्यासाठी राखलेले तांदूळ तिच्याच नवऱ्यानं गुत्त्यावर नेऊन पिऊन टाकले. त्या सकाळी नागुबाई उठली न् म्हणाली, "सुपं घ्या गं आपापली." कांडलेलं भात घेऊन आम्ही सगळ्या गुत्त्याच्या दारात पाखडायला बसलो. वारं आतल्या बाजूला (ते मंडळात नसूनही आमच्याच बाजूचं), त्यामुळं कोंडा थेट पेल्यात. कोणी प्यायला आला की समोर आई, न्हायतर सासू. तुमचे पावणे, म्हणजे आमचे मालक, लांबूनच वळले आणि घरी येऊन, कुणी सांगितलं नसताना, म्हशीला पाणी पाजत बसले.

भरमूनं बेळगावचा फौजदार आणला. नागुबाई त्यालाच विचारते, "सायेब, भात पाखडाय सरकारची बंदी हाय काय?" उत्तराला त्यानं तोंड उघडलं न् कोंडा नाकात गेला. शिंकत शिंकत सायकलीवर बसला तो गेलाच. शेवटी भरमूची म्हातारी आई जयाबाई स्वतःचं सूप घेऊन आली आणि आमच्यात बसून पाखडायला लागली.  तसा भरमू आत गेला आणि सगळी पिंपं त्यानं गटारात ओतली. अण्णा, मी तिथंच रडले. आता त्या खोलीत मंडळाची कणगी आहे. घराघरातले मूठमूठ तांदूळ, अडल्यानडल्या बाळंतिणीसाठी. पहिली मूठ जयाबाईची.

पोरांना माझा पापा द्या.

तुमची (आता हसायचं न्हाय)
राजाबाई

ता. क. भरमूचा धंदा आम्ही बुडवला, तेव्हा त्याच्या पोटाचंही आम्हीच बघायचं असं मंडळात ठरलंय. तुमच्या खडेबाजारच्या दुकानात कापडाचे गठ्ठे उचलायला माणूस लागतोच की.

पुन्हा ता. क. हे पत्र तुमच्या हातात दिलं तोच भरमू. मागं उभी आहे ती जयाबाई. नको म्हणायचं असलं तर त्याला न्हाय, तिला सांगा.