लाल दिव्यावरची पट्टी

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून शिस्त. सोमवार-मंगळवार कादंबरी, बुधवार गिटार, गुरुवार जलरंग, शुक्रवार मातीकाम, शनिवार-रविवार सिनेमा. एकाच माणसात एवढं सगळं असलं की टाइमटेबल लागतंच. बाकीच्यांचं काय, ऑफिस सुटलं की टीव्ही.
कादंबरी तीन खंडांची. पहिलं वाक्य तयार आहे. दुसऱ्याची घाई नाही.

४ फेब्रुवारी
फिल्म क्लबची स्पर्धा जाहीर. निवडलेले सिनेमे मोठ्या हॉलमध्ये लावणार. क्लबचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर. मागच्या वर्षी माझी पटकथा वाचून त्याने विचारलं होतं, ही विनोदी आहे का? लोकांच्या दाढा उपटणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची! यंदा दाखवतोच.
बायकोला सांगितलं. ती जेवायच्या टेबलावर कुणाचा तरी कोट उसवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, अहो, मागच्या खोलीचं काय ठरलं? तिला तिथे शिवणक्लास काढायचाय. केव्हापासून तेच टुमणं. त्या खोलीत माझी गिटार, रंग, मातीकामाचं चाक, कॅमेरा आणि कादंबरी असते. ते सगळं काय गॅलरीत ठेवू? तर म्हणे, यातली एक तरी गोष्ट पूर्ण झालेली दाखवा. मी स्वतः घडवलेला मग आणून दाखवला. तिने त्यात पाणी ओतलं. मुद्दाम. टेबल पुसावं लागलं, मलाच.

५ फेब्रुवारी
करार झाला. माझा सिनेमा हॉलमध्ये लागला तर खोलीचा विषय कायमचा बंद. नाही लागला तर खोली तिची. मी लगेच हात पुढे केला. तिनेही केला. बिचारी. कुणाशी पैज लावतेय याची कल्पना नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
सिनेमाचं नाव 'क्षितिजाच्या आतली खिडकी'. एक बाई खिडकीत उभी राहून वाट बघते. बस्स. नायिका बायको. बाहेरच्या नट्यांना माझी शैली झेपणार नाही. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, म्हातारा दीपगृह-रखवालदार. पोस्टातून रिटायर झाल्यापासून रिकामेच आहेत, तेवढाच त्यांचा वेळ जाईल.
सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, ती कुणाची वाट बघते ते निदान तिला तरी सांगा. असले प्रश्न! मी म्हटलं, ते प्रेक्षक ठरवतील. ते म्हणाले, मग प्रेक्षकांनाच उभं करा खिडकीत. मी दुर्लक्ष केलं.
मेहुणाही टपकला. हा लग्नांचे व्हिडिओ काढतो. नवरा-नवरी बदामात, आई-वडील गुलाबात, शेवटी सगळे ढगात. म्हणाला, भाऊजी, कॅमेरा मी सांभाळू का? मी म्हटलं, तू आपला गुलाब सांभाळ.

८ फेब्रुवारी, रविवार
शूटिंग सुरू!
कॅमेऱ्यावर एक लाल दिवा लागतो, त्याच्याकडे बायकोची नजर जाते. एकाग्रता भंगते. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. मागचा छोटा स्क्रीनही मिटवला. खरा दिग्दर्शक डोळ्यांनी बघतो, स्क्रीनने नाही.
माझी एक पद्धत आहे. शूटिंगच्या आधी बटण एकदा दाबून कॅमेरा जागा करायचा, गवई गाण्याआधी तंबोरा लावतो तसा. मग 'अ‍ॅक्शन' म्हणत बटण दाबायचं, 'कट' म्हणत पुन्हा दाबायचं. आज ते पाहून मेहुणा म्हणाला, भाऊजी, अहो ते बटण पहिल्यांदा दाबलं की... मी ओठांवर बोट ठेवलं. सेटवर एकच माणूस बोलतो. तो पुन्हा बोलायला गेला तेव्हा त्याला चहा करायला पाठवलं. चहा बरा केला होता.
दोन सीनच्या मध्ये मी सगळ्यांना कलेविषयी थोडं समजावून सांगितलं. सासऱ्यांना डुलकी लागली. डुलकीसुद्धा भूमिकेत शोभली.

११ फेब्रुवारी, ऑफिस
लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात माझ्यासारखा माणूस बसतो, हाच एक सिनेमा आहे. आज नायिकेच्या तोंडचं वाक्य लिहीत होतो, तेवढ्यात कुणी बाई लिफ्टमध्ये अडकल्याचा फोन. तिला म्हटलं, जरा थांबा. ती म्हणाली, मी दुसरं काय करू शकते? उत्कृष्ट वाक्य. लगेच उतरवून घेतलं. मेकॅनिकला कळवायचं राहिलं, साहेब ओरडले. साहेबांना वाक्यातलं काय कळणार!
बुधवार होता. गिटारची तार तुटलेली आहे. विषय संपला.

१५ फेब्रुवारी, रविवार
स्टुलावर उभा राहून वरून शॉट घेत होतो. स्टूल हललं. पडदा, पडद्याची दांडी आणि मी, तिघं एकत्र खाली आलो. कॅमेरा सासऱ्यांनी वरच्यावर झेलला, हे खरं. पण मला कुणी धरलं नाही. ओरडताना मी मेहुण्याला काही शब्द वापरले, ते कलावंताच्या तोंडी क्षम्य असतात. नशीब, 'कट' म्हणून झालं होतं. म्हणजे यातलं काही आलेलं नसणार.

२२ फेब्रुवारी, रविवार
आज खिडकीचा मुख्य सीन. बायकोला एकच वाक्य होतं, 'मी दुसरं काय करू शकते?' ते म्हणायचं आणि गप्प बसायचं. तर ही बया बोलतच सुटली. म्हणाली, तो रोज वेळेवर घरी येतो, चपला काढतो, जेवतो, समोर बसतो, तरी मी वाट बघतेच. खिडकीतून नाही हो, त्याच्या समोर बसून. माझं बोलणं ऐकतो तेव्हासुद्धा त्याचं लक्ष माझ्यामागच्या भिंतीकडे असतं. असं बरंच काही. आवाज चढवला नाही. शेवटी डोळ्यांत पाणी. सासरे चष्मा काढून बसले. मेहुणा खाली बघत होता.
पटकथेत यातलं काहीच नव्हतं. तरी ठेवायला हरकत नाही. मी 'कट' म्हटलं आणि सांगितलं की उजवीकडचा पडदा वाकडा लोंबत होता, तेव्हा आणखी एकदा होऊन जाऊ दे. ती म्हणाली, पुन्हा नाही व्हायचं. आणि आत निघून गेली.
नट्यांचे नखरे म्हणतात ते हेच. घरात एवढ्या लवकर सुरू होतील असं वाटलं नव्हतं.

१ मार्च
शूटिंग पूर्ण! चित्रीकरण मी तपासून बघत नाही. स्वयंपाक करताना झाकण सारखं उघडलं की वाफ जाते. माझ्या डोक्यात सिनेमा तयार आहे, संकलन म्हणजे नुसती हमाली. माझा कॉम्प्युटर या कामाला पुरत नाही, त्यामुळे हमाली मेहुण्याला दिली. सक्त ताकीद, गुलाब नाही, बदाम नाही.

३ मार्च
मेहुण्याचा फोन. भाऊजी, तुम्ही एकदा येऊन बघाच. आवाज विचित्र होता, रडल्यासारखा किंवा हसल्यासारखा. भारावला असणार. मी म्हटलं, मी थेट पडद्यावरच बघेन. तो म्हणाला, पण यात तुम्हाला पाहिजे ते काहीच नाही. मी म्हटलं, तुला पाहिजे ते नाही असं म्हण.

६ मार्च
बायको आता रोज भावाकडे जाते. काल मी तिला आणायला गेलो तर दोघं दार लावून आत हसत होते. लहानपणीचे फोटो बघत असावेत. मला पाहून बायको गंभीर झाली. म्हणाली, अहो, तुमच्या सीनपैकी एकही आलेला नाही, हे तुम्हाला कळतंय का? तांत्रिक बाबतीत बायका उगाच घाबरतात. मी म्हटलं, जे आलंय ते वापरा. तिने पुन्हा विचारलं, नक्की? मग तो आमचा सिनेमा होईल, आम्ही आमच्या नावाने देऊ, चालेल? मी म्हटलं, खुशाल द्या, नावाचा मोह मला नाही.
मोठेपणा आपोआप कळतो. पडद्यावर लोक ओळखतीलच.

२० मार्च
मातीकाम शुक्रवारी असतं. चाकावर बायकोने कापडाचे तागे ठेवलेत. तात्पुरते, म्हणाली.

२ एप्रिल
निवड झाली!! हॉलमध्ये लागणार! बायकोला म्हटलं, आता खोली विसर. ती नुसती हसली. हरल्यावर माणूस असंच हसतं. ऑफिसात साहेबांसकट सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. दिग्दर्शक म्हणून दोन शब्द बोलावे लागतील, ते आरशासमोर बोलून पाहिले. दोन शब्दांचे बरेच झाले. कापायला मन होत नाही.
कादंबरीचं पहिलं वाक्य बदलावं की काय, असं वाटतंय.

१२ एप्रिल, दुपार
निघतोय. नवा शर्ट. पुढच्या रांगेत बसणार.

१२ एप्रिल, संध्याकाळ
काही लिहावंसं वाटत नाही.

१३ एप्रिल
लिहितो. कुणी वाचणार थोडंच आहे.
दिवे गेले. पडद्यावर नाव आलं, 'मागची खोली'. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचा लागला. मग माझा चेहरा आला, चांगला हॉलच्या भिंतीएवढा. पडद्यावरचा मी सासऱ्यांना सांगत होतो की अभिनय हा पोस्टाची तिकिटं चिकटवण्याइतका सोपा नसतो, आणि मागे सासरे घोरत होते. हॉल हसला. मग माझे बूट. मग मी बायकोला हसायचं कसं ते हसून दाखवतोय. मग छताचा पंखा आणि माझा आवाज, सेटवर एकच माणूस बोलतो. मग बायको शेजारणीला सांगतेय, आमच्याकडे सगळ्या कला आहेत, फक्त वावरायला जागा नाही. मग स्टूल. पडदा, दांडी, मी आणि ते सगळे शब्द. साहेब हसून हसून खुर्चीवरून घसरले.
माझा सिनेमा कुठेच नव्हता. मी 'कट' म्हणायचो तिथून सुरू व्हायचं आणि 'अ‍ॅक्शन' म्हटलं की संपायचं. कॅमेरा जागा करायचं पहिलं बटण! ते दाबलं की चित्रीकरण सुरू व्हायचं आणि 'अ‍ॅक्शन'ला मी ते बंद करायचो. दर वेळी. आणि दिव्यावर पट्टी मीच लावलेली. मेहुण्याने पट्टी काढून का दाखवलं नाही, हा प्रश्न आहे. चहा करत होता म्हणे.
शेवटी बायको आली पडद्यावर. डोळे पुसतेय, आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज, उजवीकडचा पडदा वाकडा लोंबत होता. ती म्हणते, पुन्हा नाही व्हायचं. निघून जाते. खिडकी तेवढी राहते. इथे कुणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं.
नावांच्या पाट्यांमध्ये दिग्दर्शन बायको, संकलन मेहुणा, रखवालदार सासरे. मी, 'प्रमुख भूमिका'.
आणि बक्षीस! उत्कृष्ट अभिनेता, मी. दातवाल्या डॉक्टरने व्यासपीठावर माझा हात धरून विचारलं, इतका स्वतःवर खूश असलेला माणूस, आणि कुठेही अभिनय केल्यासारखा वाटत नाही, याची तयारी कशी केलीत? साहेब समोर. बायको समोर. मी म्हटलं, बऱ्याच वर्षांची मेहनत आहे. टाळ्यांचा कडकडाट. दिग्दर्शकाचे दोन शब्द खिशातच राहिले.

१४ एप्रिल
कराराचा विषय काढला. म्हटलं, सिनेमा लागला, खोली माझी. बायको शांतपणे म्हणाली, लागला तो माझा, तुमचा कुठला? मी मेहुण्याकडून सगळं चित्रीकरण मागवलं आणि स्वतः बसून बघितलं. पहिल्यांदाच. माझ्या सिनेमाची एक फ्रेम नाही.
तिचं ते खिडकीतलं बोलणंही नाही. ते 'अ‍ॅक्शन'नंतरचं ना. म्हणजे ते पाहिलेली माणसं तीनच. सासरे, मेहुणा आणि मी. आणि मी तेव्हा खिडकीच्या पडद्याकडे बघत होतो. ती काय काय म्हणाली ते आठवून लिहायला बसलो. वाक्यं येत नाहीत. वाकडा पडदा मात्र जसाच्या तसा आठवतो.
तिला म्हटलं, ते पुन्हा एकदा सांगशील का? कॅमेरा नाही, काही नाही. ती म्हणाली, आत्ता मला मशिनं लावायचीत. जरा हे चाक उचलू लागता का?
उचललं.

२० एप्रिल
सामान गॅलरीत. जलरंगांच्या डबीत पाणी गेलंय. उद्यापासून कादंबरी जेवायच्या टेबलावर, फक्त टेबल मोकळं हवं. शिस्त मात्र कायम.
आज शिवणक्लासचा पहिला दिवस. मी दार उघडलं. एक जाडजूड बाई कात्री घेऊन उभी, माझ्याकडे निरखून बघायला लागली. म्हणाली, अहो, त्या सिनेमातला येडपट माणूस तुम्हीच का? मी म्हटलं, छे, नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, बरोबर आहे, तो जरा उंच होता.