वाघोलीची जाहिरात

कोथरूड, पुणे

प्रिय भाग्यश्री,

हाताने लिहायची सवय गेली आहे, तेव्हा अक्षर लावून घे. दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. तेजसचा, सख्ख्या भावाचा, फोन तू उचलत नाहीस आणि माझा नंबर ब्लॉक केला आहेस. तुझ्या लग्नानंतर 'तूच आधी नमतं घे' असा शहाणपणाचा मेसेज मी पाठवला होता. ते पाहता ब्लॉक केलंस ते योग्यच केलंस. पण हे पत्र फाडू नकोस. दुकानाच्या जाहिरातींची नवी मांडणी करताना आपल्या घरातली एक गोष्ट हरवली आहे, आणि ती परत आणणं फक्त तुझ्या हातात आहे. ते नीट कळायचं तर आधी थोडं जाहिरातींचं पुराण ऐकावं लागेल.

शनिवार पेठेतलं बाबांचं दुकान तू पाहिलं होतंस तसंच आहे. रुग्णांचे पलंग, व्हीलचेअर, वॉकर, सगळं भाड्याने. तेजसने कॉलेजात असताना इंटरनेटवर जाहिरात चालू करून दिली होती, ती त्याने त्यानंतर उघडूनही पाहिली नव्हती. एकाच गाठोड्यात सगळं कोंबलेलं. कुणी फोनवर 'पलंग' शोधला की आपली जाहिरात दिसायची, आणि त्यावर बोट ठेवलं की आपले पैसे जायचे, मग त्याला पलंग आजारी आजीसाठी हवा असो की नव्या संसारासाठी. अशा नवरदेवांचे फोन बाबा कापायचे नाहीत. खोली केवढी, भिंतीला ओल आहे का, अशी चौकशी करून ते त्याला फर्निचरवाल्याकडे धाडायचे. वर मला म्हणायचे, आज चार फोन आले. त्यातलं गिऱ्हाईक किती, हे विचारायची सोय नव्हती.

मग गेल्या वर्षी एक मोठी कंपनी याच धंद्यात उतरली आणि आपले फोन आटले. तेजस म्हणाला, दुकान भाड्याने देऊन टाकू, बाबांनी आता घरी बसावं. त्या दिवशी बाबा डबा तसाच परत घेऊन आले. अकोल्याहून एक पिशवी घेऊन आलेल्या माणसाचं ते दुकान आहे, हे मी तुला सांगायला नको. मी दिवसभर ऑफिसात परक्यांच्या जाहिराती सांभाळते. घरची का नको, म्हणून मी ते काम अंगावर घेतलं.

यात घाई चालत नाही, भाग्यश्री. जुनी जाहिरात एका झटक्यात बंद केली की तिने इतक्या वर्षांत कमावलेली सगळी ओळख पुसली जाते आणि नवी अडाणीच राहते. म्हणून जुनी चालू ठेवायची, शेजारी नवी लावायची, आणि एकेक वस्तू तिच्याकडे सरकवायची. आधी व्हीलचेअर, ती स्थिरावली की पलंग. कुठल्या माणसाचा फोन कामाचा हे जाहिरात दाखवणाऱ्या यंत्राला शिकायला काही आठवडे लागतात, तेवढे दिवस हात लावायचा नाही. बाबांना हे लगेच पटलं. म्हणाले, विरजण लावल्यावर भांडं हलवत नाहीत, त्यात काय एवढं. आईच्या मागे घरात दही तेच लावायचे ना.

दिवाळीपर्यंत सगळं जमून आलं. खर्च उतरला, गिऱ्हाइकं वाढली, तेजसने दुकान भाड्याने द्यायची भाषा बंद केली. शेवटची साफसफाई तेवढी उरली होती. एक मिनिटाच्या आत संपणारे फोन मोजायचे नाहीत, असं मी यंत्राला सांगितलं. ज्या भागातून काम येत नाही ते भाग वगळले. दुकानाचा जुना नंबर बंद करून जाहिरातीत नवा टाकला. वगळलेल्या भागांत वाघोली होती. तिकडून वर्षभरात एक खुर्चीसुद्धा गेली नव्हती. यायचा तो एकच एक फोन, तोही मिनिट भरायच्या आत कट होणारा. धंद्याच्या हिशेबाने मी काही चुकले नाही, हे आजही म्हणेन. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं.

तो फोन मी दुकानात बसून ऐकला होता. रविवारी दुपारी, शटर अर्धं ओढलेलं असताना यायचा. बाबा म्हणायचे, नमस्कार, हिंमतराव बोलतोय. पलीकडून काही नाही. दुसरा कुणी असता तर बाबांनी त्याला चार शब्द सुनावून फोन ठेवला असता, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. या फोनवर मात्र ते बोलत राहायचे. व्हीलचेअर आहे, वॉकर आहे, मग लगेच, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, तेजसला ऑफिसात बढती मिळाली, सूनबाईला वांग्याची भाजी अजून जमत नाही. सगळं भराभर, कारण पलीकडचं माणूस केव्हा ठेवेल याचा नेम नसायचा. मला वाटलं, म्हातारपण. लाइन खराब आहे आणि यांना बोलायला कुणीतरी हवंय. माझ्या वांग्याच्या भाजीची बदनामी होतेय म्हणून थोडा रागही आला.

जाहिरात बदलली आणि तो फोन थांबला. रविवारी बाबा दुकानातून उठेनात. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, येतो, एक गिऱ्हाईक यायचं आहे. चेहरा उतरत चालला. तेजसने त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, काही निघालं नाही. मग एका मंगळवारी ते कुणाला न सांगता बसने वाघोलीला गेले. तुमच्या सोसायटीसमोरच्या थांब्यावर उभे राहिले आणि स्वतःच्या फोनवर 'व्हीलचेअर भाड्याने' शोधलं. त्या मोठ्या कंपनीची जाहिरात दिसली, आपली नाही. पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं. तुमच्या फाटकापर्यंत गेले, वॉचमनने कुणाकडे जायचंय विचारलं, तर म्हणाले, पत्ता चुकला. तुझ्या लग्नात हॉलच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परत फिरलेला माणूस तो. आयुष आपल्यातला नाही, एवढंच धरून बसलेला. मोडेन पण वाकणार नाही, हे तुम्ही दोघं एकाच शाळेत शिकलात.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, वाघोलीत आपली जाहिरात का दिसत नाही. तिथून काम येत नाही म्हणून तो भाग मी काढला, असं मी समजावून सांगितलं. आकडे दाखवले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग अकोल्याच्या बोलीत म्हणाले, "ते गिऱ्हाईक नव्हतं उत्कर्षा. माही पोरगी होती."

त्यांनी तुला ओळखलं होतं, भाग्यश्री, अगदी पहिल्या फोनपासून. बोलायच्या आधी तू श्वास आत घेऊन अडवतेस, लहानपणी ओरडा खाताना घ्यायचीस तसा, असं म्हणाले. तुमच्या फाटकापर्यंत गेल्याचंही तेव्हाच सांगितलं. आपण नाव घेतलं तर ती पुन्हा फोन करणार नाही, म्हणून कधी नाव घेतलं नाही. मी तिथेच रडले. ते मात्र उठून टीव्हीसमोर जाऊन बसले.

आणि तुला काय वाटलं असेल, तेही मला कळतंय. एका रविवारी तू जाहिरात शोधलीस, ती नव्हती. जुना नंबर लावलास, तर तो अस्तित्वात नसल्याचं एक बाई सांगत राहिली. बाबांना कळलं आणि त्यांनी हेही दार लावून घेतलं, असंच ना? तसं नाही गं. दार मी लावलं, आणि पलीकडे कुणी उभं आहे हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी फक्त वाघोलीसाठी वेगळी जाहिरात चालू केली. ओळ बाबांनी सांगितली: 'रविवारी दुपारी आम्ही दुकानात असतो. फोन करा.' धंदा शिकवणाऱ्या कुणालाही हसू येईल अशी जाहिरात. फोन आले, गंमत म्हणजे दोन खुर्च्याही गेल्या. प्रत्येक वेळी बाबा लगबगीने उचलायचे, समोरून कुणी पहिल्या झटक्यात बोललं की त्यांचा आवाज खाली यायचा. तू काही शोधलं नाहीस. एकदा नाही दिसलं की तू पुन्हा बघणारी नव्हेस.

आता हे पत्र का, ते सांगते. गेल्या सोमवारी सकाळी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काल घरी आणलं. आपल्याच दुकानातला पलंग हॉलमध्ये लावला आहे. तो तेजसने जोडला, आणि जोडून झाल्यावर बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला. बाबांना सगळं समजतं, ऐकू येतं. दुकानाचा फोन घरी आणून ठेवला आहे, तो वाजला की डोळे तिकडे वळतात. पुढचा झटका केव्हाही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. ये, आयुषला घेऊन ये, कुणी काही विचारणार नाही. पायऱ्या चढवत नसतील तर निदान फोन कर. माझा नंबर पाकिटावर लिहिला आहे, मी तो त्यांच्या कानाला धरीन. फक्त या वेळी गप्प राहून चालणार नाही, भाग्यश्री. बोलायचं तुला आहे.

तुझीच,
उत्कर्षा वहिनी