जाणून खाल्लेली चटणी

पारशिवनी,
ता. १२ मार्च १९७४

चि. मुकुंद यास रुपरावाचे अनेक आशीर्वाद. इकडे तब्येती ठीक. धाकट्या भावानं महिन्यात एक कार्ड टाकलं तर हात झिजत नाहीत.

परवा भजनात माझ्या तोंडून एक गोष्ट निघाली आणि गावभर झाली. माघात मंदिराच्या मांडवासाठी बांबू आणायला चांद्याच्या जंगलात गेलो, तिथं तापानं पडलो. गाडीवान कवडूच्या घरी तीन दिवस होतो. ते गोंड लोक. त्याच्या आईनं पेजेसोबत लाल मुंग्यांची चटणी आणली. तापावर देतात म्हणाली. पण माझ्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून ती थांबली. चटणी कशाची ते सांगितलं आणि मी हो म्हणेपर्यंत वाढली नाही. मी हो म्हणालो. आंबट लागली. ताप उतरला. देवानं सांभाळलं, एवढंच मला सांगायचं होतं.

आता भजनमंडळी म्हणते, हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक माझ्या हातचा नको. बावीस वर्षं ही सेवा केली. मंडळीचे पुढारी गणपतराव, त्यांनी वाट काढली आहे : पंचगव्य घ्यायचं आणि सर्वांसमोर म्हणायचं की अजाणता खाल्लं. पंचगव्याला माझी ना नाही. दुसरं जमेलसं दिसत नाही. तुझं मत कळव.

तुझा,
रुपराव

सक्करदरा, नागपूर,
ता. १९ मार्च १९७४

ती. दादांस मुकुंदचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून प्रेमिला आधी हसली, मग चटणीत मीठ किती घालतात ते विचारू लागली. ऑफिसात विषय काढला, तर रोज माझ्यासोबत जेवणारे दोघे डबे उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. खाल्ली तुम्ही, विटाळ मला. ज्या कोशाच्या रेशमी सोवळ्यात तुम्ही भंडाऱ्याची खीर ढवळता, तो कोसा किडे उकळूनच निघतो; पण हे गणपतरावांना सांगून उपयोग नाही.

म्हणून ऐका. एक शब्द म्हणून टाका. ती बाई दीडशे मैलांवर. तिला कोण सांगायला जातं? सेवा गेली तर तुम्ही झुराल, आणि बोलणी वहिनी खाईल.

लहान तोंडी जास्त लिहिलं, माया कमी करू नये.

आपला,
मुकुंद

पारशिवनी,
ता. ८ एप्रिल १९७४

चि. मुकुंद यास अनेक आशीर्वाद.

तू काळजीपोटी लिहिलंस. पण मी अजाणता म्हटलं, तर तिनं न सांगता वाढलं असं होतं. तिला कळणार नाही, हे खरं. मला तर कळेल.

पंचगव्य घेतलं. गणपतराव म्हणाले, "आता बोलून टाक गा, रुपराव."

मी म्हणालो, "जाणूनच खाल्लं. त्या बाईनं मले आधी सांगितलं होतं."

भंडाऱ्याच्या दिवशी पळी दुसऱ्याच्या हाती गेली. चुलीपासून दूर उभं राहणं फार जड गेलं, तुला खोटं कशाला सांगू.

पाणी वाढू नको असं मात्र कोणी म्हटलं नव्हतं. मी घागर उचलली. पहिल्या पंगतीत निम्म्या लोकांनी आपापल्या पाण्याच्या गडव्यावर हात ठेवला. दुसरीत थोडे कमी. शेवटच्या पंगतीला गणपतराव बसले, त्यांनीही ठेवला. मी पुढे सरकलो नाही. वांग्याची भाजी यंदा तिखट झाली होती. चौथ्या घासाला त्यांना ठसका लागला. माझ्याकडे न पाहता त्यांनी हात काढला. मी गडवा काठोकाठ भरला.

पुढच्या वर्षीही घागर घेईन. तू ये, पंगतीत बस. चि. सौ. प्रेमिलेस आशीर्वाद, आणि मीठ बेतानं घालतात म्हणून सांग. आठवण ठेवत जा.

तुझा,
रुपराव