बसऱ्याची वीट

३ मे १९३४
विटेची खरी किंमत आज मांडली. इसाक नाखव्याने ती खजुराच्या पोत्यांबरोबर बसऱ्याहून आणली. तिथे त्याने मोजली एक छत्री, तीही माझी. वर लिंबाच्या लोणच्याची बरणी, ती सौ.ची. इथे उतरल्यावर लागला सौ.चा अबोला. हा आकडा सगळ्यांत मोठा, आणि अजून चढतोय.
वीट कसली, तळहाताएवढी मातीची वडी. अंगभर खुणा, ओल्या चिखलातून चिमणी चालून गेल्यासारख्या. बाबिलोनच्या जुन्या शहरातली म्हणे. दुकानात येईल त्याला सांगतो, राजाचं फर्मान आहे. चौथी नापास माणसाच्या घरी राजाचं फर्मान! लोक वाकून बघतात. जाताना खजूर नेतात.

५ मे
अबोला सुटला, पण असा नको होता. शेजारच्या बयोकाकू परसदारी सौ.शी दबक्या आवाजात बोलत होत्या. माझे कान तिखट, ओटीवर सगळं ऐकू आलं. "तिकडे शाप लिहून पुरतात गो विटा. घरात पोटुशी पोर, नि तू खुशाल बसलीस?"
शांता, आमची एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला आली आहे. नववा चालू.
सौ. आत आली ती पांढरीफटक. म्हटलं, आत्ता जाऊन समुद्रात टाकतो. तर दारात आडवी. "कौल लावल्याशिवाय हात नका लावू. आणखी काही व्हायचं."

७ मे
गुरवाने देवाला पाकळ्या लावून कौल लावला, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. समुद्रात टाकावी? डावा. कुणाला द्यावी? डावा. फोडावी? पाकळी जागची हललीच नाही.
सौ.ने तिथेच ठरवलं. वीट जात नाही तर शां.ने जायचं. पालीला, मामाकडे, परवाच्या मोटरने. सुईण म्हणाली, "वहिनी, या दिवसांत ते हादरे? वाटेतच होईल हो." सौ. ऐकेना. शां. माझ्यापाशी हळूच, "बाबा, मला नाही जायचं." काय सांगू तिला? मीच आणवलेली वीट.
देवळातून निघताना मी गुरवाला विचारलं होतं, "घरात ठेवावी का, हे विचारलंत?"
"ते विचारा म्हणून कोण बोललं?"

८ मे
मुंबईचे एक प्रोफेसर खालच्या आळीत आंब्यांसाठी आलेत. त्यांना वीट दाखवली. म्हणाले, उभा खिळा म्हणजे एक, कोयत्यासारखी खूण म्हणजे दहा. यापलीकडे त्यांना येत नाही, आणि बोट गाठायची होती. एवढं पुरे.
दुपारभर ओटीवर वीट घेऊन बसलो. प्रत्येक ओळीत डावीकडे आकडा, मधे तीच ती खूण, उजवीकडे आकडा. डावीकडे एक, दोन, तीन. उजवीकडे नऊ, अठरा, सत्तावीस...
उडालोच. नवाचा पाढा! सौ.ला हाक मारली. मोठ्याने वाचत गेलो, नऊ सक चोपन्नपर्यंत चोख. सातव्या ओळीत घात झाला. त्रेसष्ट पाहिजेत. तिथे एक खिळा, मग फट, मग तीन खिळे. नऊ साती चार?
सौ. म्हणाली, "बघा. पाढे दाखवायला. शाप तिथून सुरू होतोय." आणि शां.ची ट्रंक भरायला गेली.

तोच दिवस, दिवेलागणीला
लिहायलाच हवं. हातात शां.चं लुगडं तसंच घेऊन सौ. परत दारात आली. "ती ओळ पुन्हा वाचा."
एक, मग तीन.
"पुढची?"
एक, मग बारा.
तिचे ओठ पुटपुटायला लागले. "थांबा. पुढची वाचू नका. मी सांगते. एक नि एकवीस. त्याच्या पुढे एक नि तीस."
बघितलं. तंतोतंत!
"अहो, घटका भरली ना!"
तिचे वडील पालीकडचे जोशी. लग्नात घटिकापात्र पाण्यात सोडलं की ही परकरी पोर त्याच्यावर नजर ठेवून बसायची. साठ पळं झाली की वाटी बुडाली, एक घटका. चोपन्नात नऊ मिळवले की एक घटका, तीन पळं. तिकडची माणसं हातचा साठावर घेत असणार. आपण दहावर घेतो, एवढाच फरक.
"पाढे आहेत हे, कुठल्याशा पोराचे," सौ. म्हणाली. जरा थांबून, "शाप देणारा उजळणी कशाला लिहील?" आणि मटकन पाटावर बसून हसायला लागली. शां.ही. मग मीही.
मोटरवाल्याला नको म्हणून सांगून आलो. फार दिवसांनी पोटभर जेवलो. सौ.ने आग्रह केला, म्हणजे बघा.

११ मे
सौ.ने वीट स्वतः धुवायला काढली होती, कच्ची माती विरघळायच्या आत थोडक्यात वाचवली. आता शां.च्या खोलीत कोनाड्यात आहे. बयोकाकू म्हणाल्या, "नातवाला पाढे पोटातूनच येतील हो तुमच्या." सौ.चं उत्तर, "येऊ देत. तुमच्या बंडूला पाचवीतही येत नाहीत." मी ओटीवर तोंडावर पंचा धरून.
दुकानात फर्मान मागे घेतलं. आता सांगतो, अख्ख्या हिंदुस्थानात अशी वीट ही एकच, आणि वाचणारी बाईही एकच.

१४ मे
दुपारपासून शां.ला कळा. सुईण मघाशी बाहेर येऊन गेली. "पहिलटकरीण आहे, वेळ घेईल. पण बाळ सरळ आहे हो, शेठ." जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मोटरने पाठवली असती, आणि हादऱ्यांनी वाटेतच काही झालं असतं तर... नको. आतून सौ.चा आवाज येतोय, ठणठणीत.
इसाक चौकशीला आला. माझ्याबरोबर ओटीवर बसलाय. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, "नाखवा, हिंदुस्थानात एकच आहे तू आणलेली वीट, ठाऊक आहे?"
"एकच?" तो म्हणाला. "तिकडे धक्क्यावर टोपल्या भरून विकतात, शेठ. गलबतावरच्या चुलीला तीन लावल्यात आम्ही."