संदेशमुक्त रविवार

३ मार्च, रविवार. संध्या. ६.१०
धाकट्याशी भांडण झालं. म्हणजे मी तत्त्वाची भूमिका मांडली आणि भावाला ती झेपली नाही. अकरा वर्षं दर रविवारी पाच वाजता तो त्याच्या घरून, मी माझ्या घरून, कानाला हेडफोन लावून एकत्र गेम खेळतो. एरवी आमचं बोलणं नसतं. आज म्हणाला, 'काळी नदी – भाग दोन' घेऊ या. ट्रेलर पाहिला. हिरो बंदरावरचा हमाल. हमालांची संघटना. तलवारबाजी कमी, सभा जास्त. त्याला सांगितलं की आठवडाभर सगळं जग मला अक्कल शिकवतं, रविवारी हमालाकडून शिकायची नाही. तो म्हणाला, मग मी मित्रांबरोबर घेतो. म्हटलं, खुशाल घे.
दोन दिवसांत नाक घासत येईल.

४ मार्च, सोमवार
औषधाच्या खोक्यात घडी घातलेला माहितीचा कागद असतो. तो मंजूर प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहणं हे माझं काम. एकोणीस वर्षं करतोय. लोक तो न वाचता फेकतात. आज कँटीनमध्ये पॅकिंगच्या सुपरवायझरने खोकं उघडलं, गोळी गिळली आणि कागदावर चहाचा कप ठेवला. आमच्याच कारखान्याचा माणूस! असल्या लोकांना म्हणे गेममधून संदेश देणार.
संध्याकाळी गेमिंगच्या ग्रुपवर (२१४ सभासद) पोस्ट टाकली. 'खेळात राजकारण नको.' सहा परिच्छेद. शुद्ध खेळाचा नमुना म्हणून 'काळी नदी'चा भाग एक दिला. नदी, होड्या, तलवार आणि लाल बाण. बाण दाखवेल तिकडे जायचं, विषय संपला. चौदा वेळा पूर्ण केलाय, संदेश औषधालाही सापडला नाही. चौथा परिच्छेद विशेष उतरला आहे: या गेममध्ये मागे फिरता येत नाही, केलेलं आपोआप सेव्ह होतं. निर्णयाला वजन हवं.
बावीस लाइक. शिवाय टाळ्याच्या टाळ्या. हा गडी कशाखालीही टाळ्यांचं चिन्ह टाकतो, म्हणून ग्रुपवर त्याचं नावच टाळ्या; पण आजच्या मनापासून होत्या.

६ मार्च, बुधवार
ग्रुपवर एक नर्सबाई आहे. खरीखुरी नर्स, ड्यूटीवरून आली की लिहिते. माझ्या सहा परिच्छेदांखाली तिने एकच ओळ लिहिली: भाग एकमध्ये धक्क्यावरची बाई काय म्हणते ते वाचलंत का?
अभ्यास नसलेली माणसं अशीच तपशिलात शिरतात. उत्तर दिलं नाही.

८ मार्च, शुक्रवार
ग्रुपमधून राजकारण कायमचं हटवायला हवं. त्यासाठी मॉडरेटरच्या निवडणुकीला उभा राहिलो. क्रिकेटचे गेम खेळणाऱ्यांना (३१ मतं) सांगितलं की ग्रुपवर वरची जागा तुमची. फुटबॉलवाल्यांनाही तीच जागा देऊ केली. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. टाळ्याला उपमॉडरेटर करायचं कबूल केलं.
ही म्हणाली, अहो, हे राजकारणच झालं की. बायकोशी असल्या विषयांवर बोलू नये.

१० मार्च, रविवार. संध्या. ७.०५
धाकटा आला नाही. पाच वाजता हेडफोन घालून बसलो होतो, चार्जिंग तपासायला. पाच वीसला त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला आणि खाली 'काळी नदी – भाग दोन खेळत आहे'. चौघांचा गट. कीव आली. ठिपका सातपर्यंत होता. मी पाहत नव्हतो, समोर दिसत होता.

१४ मार्च, गुरुवार
उलट्या घडीच्या कागदांची अख्खी बॅच पुढे गेली. सुपरवायझर म्हणाला, सही तुमची आहे. मी डोक्यात भाषण रचत होतो. त्या माणसाला घडीपलीकडे काही दिसत नाही.
माझ्याविरुद्ध नर्सबाई उभी आहे. रविवारी पाच वाजता ग्रुपच्या कॉलवर जाहीर वाद, मग मतदान. वेळ मीच सुचवली. धाकटाही ऐकेल. ऐकल्यावर परत येईल.

१७ मार्च, रविवार
धाकटा आला होता. मी वीस मिनिटं बोललो. ओघ चांगला होता.
मग नर्सबाईने तोच प्रश्न विचारला. म्हटलं, बाई विशेष काही म्हणत नाही. तिने विचारलं, मग तुम्ही होड्या का जाळता? म्हटलं, लाल बाण तिथे असतो म्हणून. कुणीतरी फिस्सकन हसलं. नर्सबाई शांतपणे म्हणाली की त्या होड्या सरदाराला कर नाकारणाऱ्या लोकांच्या आहेत, तिथे दोन पर्याय येतात, होड्या वाचवता येतात आणि अख्खा गेमच त्याबद्दल आहे. मी ठणकावून सांगितलं की माझ्या गेममध्ये पर्याय येत नाहीत.
तेव्हा धाकटा बोलला. म्हणाला, दादा बोलणं सुरू झालं की बटण दाबून पुढे जातो. बटण दाबलं की पहिला पर्याय आपोआप निवडला जातो, आणि पहिला जाळण्याचा आहे. लहानपणी कंट्रोलर दादाच्या हातात असायचा, मी शेजारी बसून भराभर वाचायचो. त्या बाईपाशी मी रडलो होतो. दादा म्हणाला, चल पुढे.
यावर कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मला नऊ मतं. टाळ्याने नर्सबाईला मत दिलं आणि वर टाळ्या.

१८ मार्च, सोमवार
नेट खराब होतं. क्रिकेटवाले आणि फुटबॉलवाले एकमेकांना भेटले. नर्स म्हटलं की लोक हळवे होतात.
धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. रडला होता खरा. मला वाटलं, भूक लागली असेल.
ठरवलं. भाग एक पहिल्यापासून, शब्द न् शब्द वाचत. बाई काय म्हणते ते ऐकायचं आणि रविवारी पाचला धाकट्याला फोन करून सांगायचं. माफी वगैरे मागावी लागणार नाही. तो समजेल.

२३ मार्च, शनिवार
फसवणूक! या गेममध्ये राजकारण ठासून भरलंय. गिरणीवाला अकरा ओळी कराबद्दल बोलतो. पहारेकऱ्याला पगार नाही. कंपनीने मागाहून घातलं असणार, म्हणून डबी काढून पाहिली. डिस्क जुनीच. आत माहितीची पुस्तिकाही निघाली. अजून प्लास्टिकमध्ये होती.
सुपरवायझरला यातलं काही कळता कामा नये.

२४ मार्च, रविवार. दु. ४.५०
धक्क्यावर पोचलो. बाई उभी आहे. फोन शेजारी ठेवलाय. हिला मुद्दाम बोलावून बसवलं, कुणीतरी पाहिलेलं असावं. धाकट्याची आज फार आठवण येतेय, हे लिहून टाकतो.

५.०५
बाईने तोंड उघडलं. पहिले दोन शब्द आले, 'जरा थांब', आणि अंगठा पडला. मी दाबलं नाही. अंगठ्याने दाबलं.
होड्या पेटल्या. पंधराव्यांदा. मागे फिरता येत नाही. चौथा परिच्छेद.
ही विचारत होती, काय म्हणाली हो ती? हिला चहा ठेवायला सांगितलं.

५.२०
धाकट्याचा ठिपका हिरवा झालाय. फोन उचलला आणि परत ठेवला. त्याला सांगण्यासारखे माझ्याकडे दोनच शब्द आहेत.