त्या दिवशीची पन्नास काडतुसं

९ एप्रिल

प्रिय नोरीन,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तर लिहायला चारदा बसलो आणि चारदा उठलो. एकदा कॉफी करायला, एकदा अंगणातलं फाटक बघायला, बाकी दोनदा कशाला ते आठवतही नाही. तुझी वेल्डाकाकू आता वैतागली आहे. "पोरीने पिस्तुलाची दारू कोणती घ्यावी एवढंच विचारलंय ना? चाळीस वर्षं दुसरं काही बोलला नाहीस, आणि आता लिहायला शब्द सापडेनात?" असं काल म्हणाली. तिचा गुडघा पुन्हा सुजलाय, त्यामुळे जिभेला धार आहे.

पण तू एकच नाही, दोन गोष्टी विचारल्यास. तुझ्या बाबाचं, हार्लनचं, दुसरं पिस्तूल आता तू चालवणार, तळघरातल्या त्याच्याच टेबलावर बसून आपली काडतुसं आपण भरणार, तर निशाण्यासाठी जलद जळणारी दारू कोणती घ्यावी, ही पहिली. आणि "बाबाच्या हातून झालं ते माझ्या हातून होऊ नये म्हणून काय करू, व्हर्लकाका? क्लबात तुमच्याइतका काटेकोर माणूस दुसरा नाही," ही दुसरी. पहिलीचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी तेच देतो. तेवढ्यात दुसरीसाठी धीर येतो का बघतो.

आपल्या नेमबाजीत एक हात खिशात आणि एका हातात पिस्तूल. धक्का जितका कमी तितकी पुढची गोळी लवकर जागेवर येते. त्यासाठी झटकन जळून जाणारी दारूच हवी. चिमूटभर पुरते, डबा वर्षभर सरत नाही, आणि हलक्या काडतुसातही दरवेळी सारखीच जळते. सावकाश जळणारी दारू जोरकस काडतुसांसाठी बरी. कागदाला भोक पाडायला तिचा काय उपयोग? इथवर क्लबात कुणाचं दुमत नाही. भांडण पुढे सुरू होतं. कुणी बारीक मोहरीसारख्या दाण्याची दारू घेतं, कारण ती मापाच्या यंत्रातून पाण्यासारखी वाहते आणि काडतुसाच्या प्रत्येक रिकाम्या पुंगळीत अगदी तेवढीच पडते. कुणी चपट्या पापुद्र्यांची फुगीर दारू घेतं. ती मापात अडते, हँडल हलवताना करकरते, वैताग आणते. मी जन्मभर बारीक दाण्याची वापरली आणि फुगीरवाल्यांना हसलो. "पिस्तुलात कोंबडीचं खाद्य भरतात," असं म्हणायचो.

तू फुगीर घे. हे मी अगदी विचार करून लिहितोय. चिमूटभर बारीक दारू पुंगळीच्या तळाशी जाऊन बसते. वरून बघितलं तर आत नुसता अंधार. चुकून त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पडली तरी भरपूर जागा उरते, वर गोळी व्यवस्थित बसते, आणि बाहेरून ते काडतूस इतरांसारखंच दिसतं. फुगीर दारू दोनदा पडली तर पुंगळीच्या तोंडाशी येते. आंधळ्यालाही कळेल. प्रमाण मात्र माझ्याकडून घेऊ नकोस. ते छापील पुस्तकात बघ आणि सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू कर. प्रमाण तोंडी सांगायचं नाही, पत्रातून तर नाहीच, ही आपल्या लोकांची जुनी रीत आहे. दुसरीही एक रीत आहे, ती तुला ठाऊक असेलच. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही. सख्ख्या भावाचं असलं तरी नाही.

इकडे बर्फ वितळलाय. सरोवराचं पाणी अजून मळकट आहे, तरी होड्या बाहेर पडू लागल्यात. शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला क्लबात पुन्हा गर्दी होते. हार्लन गेल्यावर त्याची खुर्ची तीन आठवडे रिकामी होती, मग कुणीतरी नवखा येऊन बसला आणि कुणी त्याला उठवलं नाही. मागच्या शुक्रवारी लेस्टर घेबने नेहमीचा विनोद केला. सूप पुढे सरकवत म्हणाला, "हार्लन असता तर विचारलं असतं, बाबा रे, मीठ दोनदा नाही ना घातलंस?" सगळे हसले. एकोणीस वर्षं हा विनोद चालला. हार्लन स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसायचा आणि लेस्टरला म्हणायचा, "दोनदा नाही, तुझ्या वाटीत तीनदा घातलंय." मीही हसायचो. ते मला आता गिळवत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी तू सतरा वर्षांची होतीस. जे घडलं ते तुला घरात जसं सांगितलं तसंच माहीत आहे. जूनमधली राज्याची स्पर्धा, जलद गोळीबाराची फेरी, दहा सेकंदांत पाच गोळ्या. तिसऱ्या गोळीला हार्लनच्या हातातलं पिस्तूल फुटलं. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. असला आवाज मी आधी ऐकला नव्हता. मुठीची लाकडी पट्टी उडून त्याच्या तळहातात घुसली होती, आणि तो हाताकडे न बघता माझ्याकडे बघत होता. पंचांनी विचारलं, काडतुसं कुणी भरली? तो म्हणाला, "मीच. गप्पा मारत भरली, एकात दारू दोनदा पडली असेल." गप्पिष्ट तर तो होताच, धंद्याने न्हावी, दुकानात दिवसभर दुसरं काय होणार? सगळ्यांना पटलं. दोन बोटांतली जाण गेली ती परत आली नाही. हातातल्या कात्रीचा भरवसा उरला नाही, म्हणून दुकान बंद केलं आणि शाळेची बस चालवायला लागला. "हार्लनकडे जाऊ नका, कान ठेवून याल," हे गावात लोक म्हणायचे ते तू ऐकलं असशील. तुझी आई ओपल चिडून म्हणायची, "तोंडाला आवर घातला असता तर हात वाचला असता." तिचा राग मला कळत होता. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिने केलेला चेरीचा केक खात होतो आणि मान हलवत होतो.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात क्लबाने नवशिक्यांचा वर्ग माझ्याकडे दिला. एकोणीस वर्षं मी तेच शिकवतोय. पुंगळ्या उभ्या ठेवायची लाकडी पाटी पूर्ण भरली की गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकवायचं. पन्नास पुंगळ्या, पन्नास वेळा. फोन वाजला, दार वाजलं, बायकोने हाक मारली, तर अर्धी भरलेली पाटी तशीच पुढे न्यायची नाही. सगळी दारू परत ओतायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. हेही तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते लिहून ठेव. पोरं विचारतात, "सर, इतकं कशाला?" मी हार्लनचं नाव सांगतो. नोरीन, दर वर्षी, दर वर्गाला मी त्याचं नाव घेऊन सांगतो.

या शनिवारी क्लबाची वार्षिक सभा आहे. त्या वर्गाला माझं नाव द्यायचं ठरलंय, दारावरची नावाची पाटीही रंगवून झाली आहे म्हणे. लेस्टर फोनवर म्हणाला, "भाषण छोटं कर, नाहीतर मासे गार होतील." त्या फोननंतर मी घरभर नुसता फिरतोय. वेल्डाला वाटतं आनंदाने फिरतोय.

आता सांगतो, कारण आणखी थांबलो तर हे पत्र फाडीन. त्या दिवशी हार्लन घाईत निघाला आणि त्याचा काडतुसांचा डबा घरीच राहिला. घर चाळीस मैलांवर. मी माझ्यातली पन्नास काडतुसं पुढे केली. तो रीत जाणत होता, तरी म्हणाला, "तुझ्या हातची ना? मग डोळे मिटून." ती पन्नासच्या पन्नास मी भरली होती. आदल्या आठवड्यात भरताना फोन वाजला, मी उठलो, परत येऊन कुठवर आलो होतो ते न बघता पुढे सुरू केलं, आणि टॉर्च लावला नाही, कारण माझ्या हाताला चूक ठाऊकच नाही असा माझा तोरा होता. आठवड्याभराने तुझा बाबा बँडेज बांधलेला हात घेऊन आला आणि उरलेली काडतुसं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "ही मोडून टाक आणि तोंड बंद ठेव. मी तसाही वाचाळ, माझं काय जातंय? तुझ्यावरचा भरवसा उडाला तर क्लबात उरलं काय?" मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगेन. तेवढे दिवस मी एकोणीस वर्षं जाऊ दिले. फेब्रुवारीत दवाखान्यात तू त्याला सूप भरवत होतीस, मी त्याच्या पायाशी बसलो होतो. तू त्याचा तो हात कुरवाळत लाडाने म्हणालीस, "बाबा, व्हर्लकाकांकडून काटेकोरपणा थोडा तरी उचलायचा होतास." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तुला म्हणाला, "हो ग, चुकलंच माझं." त्याचं काहीही चुकलं नव्हतं, नोरीन. शनिवारी हे मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार आहे. तुला आधी कळायला हवं होतं, आणि खरं तर तुला एकोणीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, तो ऐकायला असताना.

तुझा काका म्हणवून घ्यायचा हक्क आता तुझ्याच हातात,
तुझाच,
व्हर्ल