आखाजीला लाइट कोणी आणली

रा. रा. गोपालराव, आमचे जावईपाहुणे, यांस,

चुनीलालचा रामराम. आम्ही सगळे उन्हाने भाजलोय, पण धडधाकट आहोत. तुमची आणि मोहिनीची तब्येत ठणठणीत असेलच (तुमची बिघडली असती तर आईने एव्हाना गावातल्या प्रत्येक देवाला नवस बोलला असता. मला मागच्या महिन्यात ताप आला, तेव्हा तिने फक्त पंखा कमी केला). पत्राचं कारण असं, की मला तुमचा हेवा वाटतो. फोनवर सांगणार होतो, पण तुमचा नंबर लागला की आई फोन हातातून काढून घेते.

आखाजीच्या सणाला तुम्ही मोहिनीला माहेरी घेऊन आलात, इथपर्यंत ठीक होतं. मी मेहुण्याच्या धर्माला जागून तुम्हाला आग्रहाने आमरस वाढत होतो, तेवढ्यात तुमच्या सुरतेकडच्या वीजकेंद्रातून फोन आला. मग तुम्ही सगळ्यांना समजावून सांगितलंत, की गॅस महाग, म्हणून केंद्र एरवी बंदच असतं. पण उन्हाळ्यात सूर्य मावळला की सोलरची वीज संपते, लोकांचे पंखे-एसी मात्र चालूच राहतात, आणि देशाचं ग्रिड कोसळू नये म्हणून तुम्हाला केंद्र सुरू करावं लागतं. (मी मनात म्हटलं, हे केंद्र अगदी जावयासारखं आहे. कधीमधी यायचं आणि बाराही महिने राबणाऱ्यांपेक्षा जास्त मान घ्यायचा.) तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात आणि आईच्या डोळ्यांना पाणी आलं. मी सत्तावीस वर्षं लाइनमन आहे. भर पावसात खांबावर चढायला निघतो तेव्हा ती म्हणते, जाताना दार लोटून घे.

तुम्ही नंदुरबार स्टेशनकडे निघालात आणि तासाभरात गावची लाइट गेली. शेजारच्या प्रेमचंदने लगेच निदान केलं, की सगळ्या देशाचीच गेली असणार, उगाच का पाहुण्याला बोलावलं. एरवी लाइट गेली की माझ्या नावाने शिमगा होतो. त्या दिवशी एकानेही शिवी दिली नाही. सगळे लिंबाखाली बसून, टॉवेलने वारा घेत, तुम्ही पोचायची वाट बघत होते. इकडे मी बेचाळीस डिग्रीत सबस्टेशनला कळवून लाइन बंद करून घेतली, तारेवर पडलेली बाभळीची फांदी काढली, उडालेला फ्यूज बदलला. पंखे फिरले. आई ओट्यावरून म्हणाली, "मन्हा जवाई पोचना, लाइट उनी." जावई पोचला आणि लाइट आली, म्हणून लिंबाखालच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा पक्कड हातात घेऊन त्यांच्यापासून वीस पावलांवर उभा होतो.

घरी येऊन मी रेल्वेचं वेळापत्रक दाखवलं, की पाहुण्यांची गाडी अजून नंदुरबारपुढच्या खांडबाऱ्यालाही पोचलेली नाही. प्रेमचंद म्हणाला, मग फोनवरून केलं असेल. आता सरपंच तुम्हाला शाल-श्रीफळ देणार आहेत, आणि ते कार्यक्रमात माइक चालेल ना, एवढं मला विचारून गेले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. जळतोय मी, आणि ते लपवायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

मोहिनीला आशीर्वाद. तिला हे पत्र दाखवू नका, ती तुमचीच बाजू घेईल.

तुमचा (नाइलाजाने) मेहुणा,
चुनीलाल

ता.क. एक काम होतं. आईला फोन कराल तेव्हा सांगा, की त्या दिवशी लाइट चुनीलालने आणली. मी तीनदा सांगून पाहिलं. तुमच्या तोंडून आलं तर ती खरं मानेल.

ता.क. दुसरा. ते राहू द्या. तुम्ही सांगितलंत तर ती म्हणेल, पाहुण्याचं मन बघा केवढं, स्वतःचं श्रेय मेहुण्याला देतो. त्यापेक्षा सहज विचारल्यासारखं विचारा, की आखाजीला चुनीलाल किती वाजता जेवला. मला वाढायचं राहूनच गेलं, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.